"आधी शहानिशा करू" यातच आठ दिवस जातात: शाळेतल्या माणसानं पोलिसांना कसं कळवावं

शुक्रवारी शेवटच्या तासाला ती हमखास विचारायची, "बाई, उद्या अर्धीच शाळा हाय का?" जिल्हा परिषदेची शाळा शनिवारी सकाळची असते, हे चौथीतल्या लेकराला माहीत नसेल असं थोडंच आहे? मी म्हणायचे, "हो गं, दरवेळी काय विचारतीस?" शनिवारी शाळा सुटली की बाकीची पोरं धूम ठोकायची आणि ही झाडू घेऊन वर्ग झाडत बसायची. झाडून झाला की परत झाडायची. मला वाटायचं, किती गुणी पोरगी! एकदा परिपाठात मी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

शनिवार आमच्याकडे बाजाराचा दिवस. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. दिवाळी झाली की टोळी निघायची ती पाडव्याच्या आसपास परतायची, तोवर पोरगी आजीजवळ. आजी शनिवारी बाजाराला जायची आणि घरात एक नातेवाईक असायचा. या सगळ्या गोष्टी मला सुट्या सुट्या माहीत होत्या. त्या एकमेकींना जोडायला मला तीन महिने लागले, तेही एका शनिवारी ती झाडू हातात धरून म्हणाली म्हणून, "बाई, आजी यीस्तोर मी हितंच थांबू का? त्यो घाण करतो."

मी बीड जिल्ह्यात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. आता निवृत्त आहे, पण नव्या शिक्षिकांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "मॅडम, संशय आहे, पण खात्री नाही. काय करू?" त्यांना फोनवर जे सांगते तेच इथं लिहिते आहे. गाव, वर्ग, वर्ष यांत मी मुद्दाम फेरफार केला आहे. तो का, ते पुढं येईल.

त्या शनिवारी मी काय केलं ते आधी सांगते, कारण नेमकं तेच करायचं नाही. मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, विषय नाजूक आहे. आधी शहानिशा करू." सोमवारी त्यांनी शालेय व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना बोलावलं. अध्यक्ष त्याच भावकीतले. मंगळवारी आजीला शाळेत बोलावलं, आजी रडली आणि म्हणाली पोरगी खोटारडी आहे. बुधवारी पोरगी आली नाही. पुढच्या सोमवारी कळलं की तिला आईबापाकडं कारखान्यावर धाडलं. हजेरीपटावर 'स्थलांतरित' असा शेरा पडला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. त्या दिवशी मी एकटी ठाण्यात गेले. मुकादमाच्या फोनवरून टोळीचा ठावठिकाणा लागला, पोलीस गेले, गुन्हाही नोंद झाला. पण मधल्या आठ दिवसांत लेकराला चार-पाच मोठ्या माणसांनी विचारलं होतं, दटावलं होतं, शपथा घातल्या होत्या. जबाबात ती म्हणाली, काही झालं नाही.

शहानिशा हा शब्द आपल्याकडं फार शहाणपणाचा वाटतो. या बाबतीत तो डोक्यातून काढून टाका. खरं-खोटं करणं पोलिसांचं आणि कोर्टाचं काम आहे. तुमचं काम कळवायचं.

कायदा नेमकं काय मागतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो तो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. बालक म्हणजे १८ वर्षांखालचं कुणीही, मुलगा असो वा मुलगी. हे वेगळं सांगावं लागतं, कारण मुलाच्या बाबतीत आपल्याकडं "पोरगाच आहे, त्याला काय होतंय" म्हणून सोडून देतात.

या कायद्याचं कलम १९ प्रत्येक शिक्षकानं एकदा तरी वाचावं. त्यात 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत. 'मुख्याध्यापक' असं तिथं लिहिलेलं नाही. असा अपराध घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याची शक्यता ज्याला वाटते, त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. म्हणजे तुम्ही मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, त्यांनी केंद्रप्रमुखांच्या, त्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, तरी कायद्याच्या दृष्टीनं अजून कुणीच कळवलेलं नसतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना कळलं तर त्यांनाही हेच लागू, शिपायालाही तेच.

न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे नुसतं कागदावर आहे असं कुणी म्हणालं तर त्याला चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहाचं प्रकरण सांगा. तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कळवलं नाही, म्हणून त्यांच्यावर गुन्हा झाला. उच्च न्यायालयानं तो रद्द केला होता, पण सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं स्पष्ट म्हटलं.

"आणि खोटं निघालं तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर कलम १९ मध्येच आहे. सद्भावनेनं माहिती देणाऱ्यावर ना दिवाणी दावा होतो ना फौजदारी. खोट्या तक्रारीची शिक्षा आहे, कलम २२ मध्ये, पण ती कुणाला बदनाम करायला, धमकवायला, पैसे उकळायला मुद्दाम रचलेल्या तक्रारीसाठी. लेकराच्या बोलण्यावरून काळजीपोटी कळवणाऱ्याला तिचं भय नको. लेकराला तर खोट्या माहितीबद्दलही शिक्षा नाही.

लेकरू बोलायला लागलं तर

लेकरू आपल्याला बोलावून, बसवून सांगत नाही. ते वही तपासताना सांगतं, पाण्याच्या टाकीपाशी सांगतं, तुम्ही गाडीला किल्ली लावली की सांगतं. हातातलं काम थांबवा, पण दचकू नका. तुमचा चेहरा उतरला की ते गप्प होतं. इतरांना तुम्ही दोघं दिसाल पण बोलणं ऐकू जाणार नाही अशा जागी बसा. आमच्या शाळेत कडुनिंबाच्या पाराला सगळं अंगण दिसायचं, ती जागा बरी पडायची. दार लावून ऑफिसात नेऊ नका.

प्रश्न जवळजवळ विचारायचेच नाहीत. "मग?" आणि "अजून काही सांगायचंय का?" एवढे दोन पुरतात. "काकानं तुला हात लावला का?" असं तुम्हीच तोंडात घातलं की ते उत्तर तुमचं होतं, लेकराचं राहत नाही. "तू आधी का नाही सांगितलंस?" तर विचारूच नका. तो प्रश्न लेकराच्या कानाला "चूक तुझी" असा ऐकू जातो. अंग तपासायचं नाही, वळ दाखव म्हणायचं नाही, फोटो काढायचा नाही. आणि एकदा ऐकलं की झालं. "आता हेच मोठ्या बाईंना सांग" म्हणून त्याला वर्गावर्गातून फिरवू नका.

"बाई, कुणाला सांगू नका" असं ते म्हणेलच. इथं भावनेच्या भरात शपथ घेऊ नका. मी म्हणायचे, "बाळा, तुला मदत करणाऱ्या माणसांना मला सांगावं लागंल. पण गावात, वर्गात कुणाला कळू देणार नाही. तू सांगितलंस ते लई चांगलं केलंस." एवढं पाळता येतं.

आता लिहिण्याचं. लेकरू उठून गेलं की लगेच, त्याच दिवशी, कागदावर उतरवा. तारीख, वेळ, जागा, तुम्ही काय विचारलं, लेकरू काय म्हणालं. त्याच्याच शब्दांत. आपली शिक्षकाची खोड म्हणजे शुद्धलेखन. लेकरू म्हणतं "घाण करतो" आणि आपण लिहितो "अश्लील वर्तन करतात". लेकरू म्हणतं "तसलं दावतो", आपण लिहितो "आक्षेपार्ह चित्रफीत दाखवतो". असं लिहिलं की कागदावर लेकराऐवजी बाईच बोलायला लागतात. 'हाय' तर 'हाय', 'न्हाई' तर 'न्हाई'. जे कळलं नाही त्याचा अर्थ लावू नका. रडलं तर रडलं असं लिहा, रडलं नाही तर तेही लिहा. खाली सही, नाव, हुद्दा. एक प्रत तुमच्याकडं.

लेकरू काहीच बोललं नाही, नुसती लक्षणं दिसतात, असंही होतं. बसायला त्रास होणं, अचानक घरी जायला नको म्हणणं, हुशार पोराचं एकदम मागं पडणं, कुणी दिलेल्या पैशांचा किंवा मोबाइलचा खुलासा न होणं. यातल्या एकेकाला दहा कारणं असतात. अशा वेळी तारखेनिशी नोंद ठेवा आणि १०९८ ला फोन करून विचारा. महिनोन् महिने मनात घोळवत बसू नका. मी शनिवारचं कोडं तसंच घोळवत बसले होते.

कुणाला, कोणत्या क्रमानं

लेकराला आज रात्रीच धोका आहे का, हा पहिला प्रश्न. असेल तर ११२ किंवा १०९८, ताबडतोब. १०९८ ही बालकांसाठीची चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आहे, पैसे लागत नाहीत. शाळा सुटायला अर्धा तास राहिलाय आणि लेकरू ज्या घरी जाणार तिथंच तो माणूस आहे, असं असेल तर त्याला निघू देऊ नका. कुणी विश्वासू शिक्षिका सोबत ठेवा आणि फोन लावा.

घटना ताजी असेल, एक-दोन दिवसांतली, तर सरकारी दवाखाना. अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. पोलिसांचं पत्र आणा तरच तपासू, असं डॉक्टरांना म्हणता येत नाही. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत ते स्पष्ट आहे. उपचार मोफत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची आणि आईबाप किंवा लेकराचा भरवसा असलेलं माणूस सोबत असायचं.

त्यानंतर पोलीस ठाणे, लेखी. १०९८ ला फोन केला म्हणून हे टळत नाही. फोन मदतीसाठी आहे, कलम १९ ला पोलीस लागतात.

मुख्याध्यापकांना सांगा, शक्यतो बरोबर घेऊन जा. पण त्यांची 'परवानगी' मागू नका. आईबापाचीही संमती लागत नाही. संशय घरातल्याच माणसावर असेल तर घरी आधी फोन करायचाच नाही, पोलिसांना आणि बाल कल्याण समितीला (लेकराच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) ठरवू द्या. संशय बाहेरच्यावर असेल तर आईला सांगावं, एकटीला. आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं, "बाई, पोरीची जात हाय, उद्या लगीन कसं व्हायचं?" तिच्याशी वाद घालू नका. तिला पाणी द्या आणि सांगा की नाव कुठं छापून येत नाही, कोर्टाचं कामकाज बंद दाराआड चालतं, तिथं लेकराला त्या माणसाच्या समोर उभं करत नाहीत. यातला प्रत्येक शब्द कायद्यात आहे आणि तो ऐकून बाया खरंच सावरतात.

गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी यांनाही कळवायचं, पण पोलिसांच्या नंतर किंवा बरोबरीनं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारामुळं लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर २१ ऑगस्टला राज्यानं शाळांसाठी शासन निर्णय काढला. शाळेत अनुचित घटना घडली तर शिक्षणाधिकाऱ्यांना २४ तासांच्या आत कळवायचं, असं त्यात आहे. सखी सावित्री समिती (लेकरांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची), तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी हेही आहे. कॅमेरे असतील तर आधी त्याचं चित्रण जपा. बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवं चढतं आणि मागचं पुसलं जातं.

अर्ज असा लिहा

ठाण्यात तोंडी सांगितलं तरी चालतं, ते त्यांनी लिहून घेऊन वाचून दाखवायचं असतं. तरी मी लेखी न्या असंच म्हणेन. आपल्याला अर्ज लिहायची सवय आहे, पण त्यात "सविनय सादर विनंती" इतकी असते की मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात येतो. माझा मसुदा असा:

"प्रति, मा. पोलीस निरीक्षक, पोलीस ठाणे (ठाण्याचे नाव). विषय: लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, कलम १९ अन्वये माहिती देणेबाबत. गोपनीय.

मी, (नाव, हुद्दा, शाळा, फोन), कळविते की इयत्ता (वर्ग) मधील बालक (नाव, वय, पत्ता, सध्या कोणाकडे राहते) हिने/याने दि. (तारीख) रोजी (वेळ) वाजता (जागा) येथे मला पुढील शब्दांत सांगितले: (लेकराचे शब्द अवतरणात). मी स्वतः पाहिलेली गोष्ट: (असल्यास). बालकाने सांगितलेली व्यक्ती: (असल्यास). आईवडील सध्या (ठिकाण, टोळीच्या मुकादमाचा फोन) येथे आहेत. बालकास तातडीचा धोका आहे/नाही असे मला वाटते, कारण (कारण).

बालकाचा जबाब कलम २४ प्रमाणे त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, साध्या वेशातील महिला अधिकाऱ्यांमार्फत घ्यावा. बाल कल्याण समितीस २४ तासांत कळवावे. या माहितीचा नोंद क्रमांक व पोच मिळावी."

मुकादमाचा फोन हा आपल्या भागाचा खास मुद्दा. पुस्तकातल्या नमुन्यात तो तुम्हाला सापडायचा नाही. पण नोव्हेंबर ते मार्च आईबाप गाठायचे तर मुकादमाखेरीज दुसरा मार्ग नसतो. मुकादमाला कारण मात्र पोलिसांनीही सांगू नये, एवढं तोंडी बोलून ठेवा.

बंद लिफाफ्यात द्या. शाळेच्या जावक रजिस्टरमध्ये नोंद करताना विषयाच्या रकान्यात फक्त 'गोपनीय पत्र' लिहा. ते रजिस्टर ऑफिसात टेबलावर पडलेलं असतं आणि येणारा-जाणारा चाळतो. लेकराचं नाव, शाळा, गाव, ओळख पटेल असं काहीही कुठंही जाता कामा नये. कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि त्यातून आपल्या शाळांच्या केंद्राचा व्हॉट्सअॅप ग्रुप सुटत नाही. "सर्वांनी काळजी घ्या, आपल्या शाळेत..." असा संदेश टाकणारी भली माणसंच असतात. मी वर गाव-वर्ष बदललं ते यासाठीच.

ठाण्यात

ठाणे अंमलदार बसलेले असतात त्यांना सांगा, "बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत, त्यांना भेटायचंय." प्रत्येक ठाण्यात तसे अधिकारी नेमलेले असावेत असं बाल न्याय कायदा सांगतो. हे पद माहीत आहे म्हटल्यावर समोरचा माणूस खुर्ची देतो, हा माझा अनुभव. लेकराला सोबत नेऊ नका, ठाण्यात न्यायची गरजच नाही. रात्री तर कुठल्याही कारणानं लेकराला ठाण्यात ठेवता येत नाही.

नोंद क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं म्हणाले तर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो हे नम्रपणे सांगा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचं कारण उरलेलं नाही, आणि माहिती देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट द्यायची असते. नोंदच घेत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पाठवा, स्पीड पोस्टानं. त्याची पावती जपा. "बाई, मिटवून घ्या ना आपसात" असंही कुणी म्हणेल. हा गुन्हा आपसात मिटवायचा नसतो, हे तुमच्याइतकंच त्यांनाही ठाऊक असतं.

आरोप आपल्याच स्टाफवर असेल तर

पाय इथं सगळ्यात जड होतात. बारा वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस, संघटनेत असलेला, "त्याच्या लेकरांचं काय" असा विचार आपल्याच मनात येतो. मग तोडगा निघतो: बदली करून टाकू. बदली म्हणजे दुसऱ्या गावच्या लेकरांच्या अंगावर घालणं. शाळेतल्याच माणसानं केलेला अपराध कायद्यानं अधिक गंभीर मानला आहे. अंतर्गत समिती बसवा, नोटीस द्या, खुलासा मागा, पण यातलं काहीही पोलिसांना कळवण्याच्या आधी नको. खुलासा मागणं म्हणजे त्याला सावध करणं. त्याला वर्गावरून आणि लेकरापासून दूर ठेवायची मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी तजवीज करावी, कारण न बोलता.

मारहाण, बालविवाह

नुसती मारहाण आणि लैंगिक नसलेला छळ पॉक्सोत येत नाहीत. घरच्यांनी किंवा लेकरू ज्याच्या ताब्यात आहे त्यानं क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे. वर्गात मारायला तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नंच बंदी आहे. इथंही १०९८ आणि बाल कल्याण समिती.

बालविवाहाला मात्र आपल्याकडं दोन ओळींत सोडता येत नाही. टोळीला 'कोयता' लागतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एका कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. घरी तरुण पोरगी एकटी ठेवायची भीती, म्हणून दिवाळीच्या आत लग्न लावून टाकतात. सातवी-आठवीची मुलगी अचानक येईनाशी झाली, मैत्रिणी हसून गप्प बसतात, घरासमोर मांडवाचे बांबू पडलेत, एवढं तुम्हाला दिसलं तर गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे तुमचे ग्रामसेवकच (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). त्यांना लेखी द्या आणि १०९८ ला सांगा. लग्न होऊन गेलं असेल तरी विषय संपत नाही. १८ वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. म्हणजे अशी मुलगी गरोदर असल्याचं कळलं तरी कलम १९ तुम्हाला लागू होतं. गावात राहून हे करणं जड जातं. पहिल्या वेळी माझं दूध बंद झालं होतं, रतीब घालणाऱ्यानं घालणंच सोडलं.

नंतर

दुसऱ्या दिवशी लेकरू शाळेत आलं तर त्याला जागेवर बसू द्या. विशेष लाड नको, कुजबुज नको, "आता बरं वाटतंय का" नको. परिपाठात नंबर असेल तर म्हणू द्या. बाल कल्याण समितीकडून सहायक व्यक्ती मिळू शकते, ती कोर्टापर्यंत साथ देते. त्यासाठी आईबापाला समितीचा पत्ता लिहून द्या. नुकसानभरपाई आणि राज्याच्या मनोधैर्य योजनेसाठी (अत्याचार झालेल्यांना मदत देणारी) जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं लागतं, तेही सांगा.

आणि तुम्हालाही साक्षीला बोलावलं जाईल. मुख्याध्यापिका असताना माझ्याकडं एक तरुण शिक्षिका पावणेपाचला आली, सहावीतल्या मुलाचं सांगायला. हात थरथरत होते, पण कागद लिहून आणला होता. सात वाजता आम्ही दोघी ठाण्यात होतो. साडेआठला नोंद क्रमांक हातात होता. दुसऱ्या दिवशी साध्या साडीतल्या महिला उपनिरीक्षक पारावर बसून त्या मुलाशी बोलल्या, पोरांना वाटलं कुणाच्या तरी मावशी आल्यात.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा मी निवृत्त झाले होते. अंबाजोगाईच्या कोर्टात आधी तिची साक्ष झाली, मग माझी. आरोपीच्या वकिलांनी तिचा कागद हातात घेऊन विचारलं, "मॅडम, तुम्ही डीएड झालेल्या. 'तसलं दावलं' म्हणजे नेमकं काय? अर्थ माहीत नव्हता का?" ती म्हणाली, "लेकरू जे बोललं ते लिहिलंय, सर. अर्थ मी लावला नाही." न्यायाधीश साहेबांनी ते तसंच टंकलेखकाला सांगितलं. माझी साक्ष दहा मिनिटांत झाली, वेळ आणि तारीख तेवढी विचारली. आम्हाला साडेचारची एसटी सापडली.